पारंपरिक चिनी आहार आणि प्रारंभीची शेती

पारंपरिक चिनी आहार शिजवलेले धान्य आणि त्यासोबतचे भाजी, मांस वा मासे यांचे पदार्थ अशा दोन भागांनी बनतो. चिनी भाषेत पहिल्यास 'फान' व दुसऱ्यास 'त्साय' म्हणतात. फान हा जेवणाचा गाभा असून हा शब्द भात आणि जेवण या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. धान्याच्या या प्राधान्याची मुळे नवाश्मयुगीन शेतीत आढळतात.

उत्तर व दक्षिण

तांदूळ हेच सर्व चीनचे मूळ अन्न, हा समज रूढ असला तरी उत्तरेच्या बाबतीत तो चुकीचा आहे. पीत नदीच्या (ह्वांग हो) खोऱ्यातील कोरड्या प्रदेशात राळा आणि वरीच्या जातीचे एक भरडधान्य (पॅनिकम मिलियेसियम) पिकत असे. हबेई प्रांतातील त्सिशान येथे सुमारे ८,००० वर्षांपूर्वीची धान्य साठवण्याची पेवे सापडली आहेत. राळ्याची पेज उत्तर चीनमध्ये आजही खाल्ली जाते. त्याचे चिनी नाव 'शाओमी' असून भारतात परिचित असलेल्या भ्रमणध्वनी कंपनीच्या नावाचा शब्दशः अर्थही हाच आहे.

भातशेतीचा उगम दक्षिणेकडील यांगत्से नदीच्या खोऱ्यात झाला. झेजियांग प्रांतातील हमुडू येथे १९७३ पासून झालेल्या उत्खननात सुमारे ७,००० वर्षांपूर्वीचे भाताचे अवशेष व जनावरांच्या खांद्याच्या हाडांची खोरी मिळाली. मात्र हा बदल एकाएकी घडला नाही. जवळच्या त्यानलुओशान येथे लोक ओकची फळे आणि शिंगाडेही मोठ्या प्रमाणात गोळा करीत. तेथील भाताच्या अवशेषांत, पिकल्यावर दाणे न गळणाऱ्या लागवडीच्या वाणाचे प्रमाण सुमारे ३०० वर्षांत २७ टक्क्यांवरून केवळ ३९ टक्क्यांपर्यंत वाढले.

भांडे आणि पीठ

पश्चिम आशियात धान्य दळून भाजण्याची पद्धत रुजली, तर चीनमध्ये ते अखंड उकडण्याची वा वाफवण्याची. याचे एक कारण मातीच्या भांड्यांत असावे. च्यांगशी प्रांतातील श्यानरेनतुंग गुहेतील खापरे सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची, म्हणजे शेतीहूनही बरीच जुनी आहेत. पुढे तळाशी छिद्रे असलेले 'त्संग' हे वाफवण्याचे भांडे प्रचारात आले. त्याची रचना मोदकपात्रातील चाळणीसारखी होती.

गहू पश्चिमेकडून सुमारे ४,००० ते ४,५०० वर्षांपूर्वी चीनमध्ये पोहोचला, परंतु तोही प्रारंभी अखंडच शिजवला जाई. फिरत्या जात्याचा प्रसार हान राजवटीत (इ.स.पू. २०६ – इ.स. २२०) झाल्यानंतरच पिठाचे पदार्थ सर्वत्र रूढ झाले. तेव्हाही भट्टीऐवजी वाफच वापरली गेली. 'मान्थोउ' हा वाफवलेला पाव त्याचेच उदाहरण होय.

छिंगहाई प्रांतातील लाच्या येथे एका पालथ्या वाडग्याखाली सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या नूडल्स सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या राळा व उपरोक्त भरडधान्याच्या असल्याचे संशोधकांनी म्हटले. या धान्यांत ग्लुटेन नसल्याने त्यांच्या पिठाचे लांब धागे ओढता येत नाहीत, असा आक्षेप इतर अभ्यासकांनी घेतला असून हा वाद अद्याप मिटलेला नाही.