रेंज जाते ती पावसाने नव्हे

"पाऊस लागला, रेंज गेली." कर्जत-खालापूरकडे जून-जुलैत हे सगळेच म्हणतात. पण मोबाइलच्या लहरी साधारण 700 ते 3500 मेगाहर्ट्झच्या असतात. त्यांची तरंगलांबी 43 ते 9 सेंटिमीटर. काही मिलिमीटरचे थेंब त्यांना फारसे अडवत नाहीत. पावसाचा अडथळा खरा जाणवतो तो 10 गिगाहर्ट्झच्या वर. म्हणून मुसळधार पावसात डिश टीव्हीचं चित्र थिजतं, आणि दोन टॉवरना जोडणारा मायक्रोवेव्हचा दुवाही कधी तुटतो. एरवी गेलेली असते ती वीज. बॅटरी उतरते आणि टॉवर मुका होतो. भिजलेली दाट झाडी मात्र लहरी शोषते, उंच वारंवारतेच्या जास्त.

दुसरा समज असा, की डोंगरावरचा टॉवर दिसतो म्हणजे रेंज मिळायलाच हवी. टॉवरवरचा पॅनेल अँटेना आडवा रुंद झोत टाकतो, पण उभा झोत जेमतेम 6 ते 10 अंशांचा. टॉवरच्या अगदी पायथ्याशी दिव्याखाली अंधार असू शकतो. माथेरानच्या किंवा इर्शाळगडाच्या सोंडेआड वस्ती असेल तर तीही सावलीत जाते. 700 मेगाहर्ट्झची लहर कड्यावरून थोडी वळते, घराच्या भिंतीतूनही बरी शिरते. 3500 ची तितकी नाही. उलट वेगाला लागणारी रुंद जागा वरच्या पट्ट्यातच मिळते. 2022 च्या लिलावात जिओने प्रत्येक सर्कलमध्ये 700 च्या पट्ट्यात 10 मेगाहर्ट्झच्या जोड्या घेतल्या, 3300 च्या पट्ट्यात सलग 100. म्हणून नुसतं 'फाइव्ह-जी आलं' ऐकून वाड्यांनी समाधान मानू नये. कोणता पट्टा, बॅटरी किती तासांची, हे विचारावं. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचावपथकांना पायी चढावं लागलं. जिथे रस्ता पोचत नाही, तिथे फोन लागणं ही चैन नाही.

तिसरा समज काड्यांचा. फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण असूनही शनिवार-रविवारी नेट रखडतं, कारण काड्या लहरींची ताकद दाखवतात, टॉवरवरची गर्दी नाही.

राहिली किरणोत्सर्गाची भीती. भारताने 2012 मध्ये टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणली. टॉवर गावाबाहेर दूर हटवला, तर कानाशी धरलेला फोनच जास्त ताकदीने लहरी सोडतो. तरीही शंका असेल, तर 'तरंग संचार' पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागता येते.