मेलबर्नची पहाट, कोरेगावची रात्र

ऑस्ट्रेलियन ओपन, जानेवारी २०२३. अँडी मरे आणि थानासी कोकिनाकिस यांचा सामना ५ तास ४५ मिनिटं चालला आणि मेलबर्नमध्ये पहाटे ४.०५ला संपला. कोरेगावात तेव्हा रात्रीचे १०.३५ वाजले होते. जेवणं उरकून टीव्हीसमोर बसलेल्याची झोपमोडही नाही! मरेला मात्र ऐन पहाटे लघवीला जाऊ दिलं नाही, कारण त्याचा ‘टॉयलेट ब्रेक’ आधीच वापरून झाला होता. बिचारा जिंकला, तेही दोन सेट गमावून.

असे सामने टाळायला २०२४मध्ये स्पर्धा सोमवारऐवजी रविवारी सुरू केली, एक दिवस वाढवला. तरी मेदवेदेवचा एक सामना पहाटे ३.३९पर्यंत लांबलाच. लंडनच्या विम्बल्डनमध्ये मात्र रात्री ११नंतर खेळ बंद. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन. खरं जागरण घडतं ते लंडनमुळेच.