हवाल्याचे घराणे : एका अरबी धातूचा जमाखर्च

'हवाला' हा शब्द बाजारात मोठ्याने उच्चारण्याची आज चोरी झाली आहे. १९९६ साली हवाला प्रकरणात बड्या पुढाऱ्यांवर आरोपपत्रे दाखल झाली, वर्तमानपत्रांचे मथळे या शब्दाने भरून गेले आणि हवाला म्हणजे काळा पैसा, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. माल न देता नुसते बिल फाडणाऱ्यालाही बाजार 'हवाला व्यापारी' म्हणतो. एका चांगल्या घरच्या शब्दाची ही दशा पाहून त्याचे मूळ घराणे आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडावे, असे आम्हास वाटले.

अरबीतील बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या धातूपासून बनतात. आपल्या शब्दाचा धातू आहे हे-वाव-लाम. अर्थ : फिरणे, पालटणे, एका जागेवरून दुसऱ्या जागी वा एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणे. 'हाल' म्हणजे स्थिती, कारण स्थिती पालटत असते. मराठीने मात्र त्यातली वाईट स्थितीच तेवढी उचलली, म्हणून आपले 'हाल' होतात. 'हाल'चे अनेकवचन 'अहवाल'. सोसायटीच्या वार्षिक सभेत वाचला जातो तो हाच. 'बहाल', 'फिलहाल', 'हल्ली' ही सारी याच घरची मंडळी. 'हलाल', 'महाल' व 'मोहल्ला' कानाला जवळचे वाटतात, पण त्यांचा धातू वेगळा.

मराठवाड्यातील जुन्या पेढ्यांच्या वह्यांत 'हाली रुपये' आढळतात. निजामाच्या राज्यातील हे चालू नाणे. हाली म्हणजे सध्याचा, चलनातला. इंग्रजी अमलातील सहा रुपयांना हालीचे सात रुपये असा साधारण भाव असे. 'हवाली करणे' म्हणजे ताब्यात देणे आणि ज्याच्या हवाली गड केला तो गडाचा 'हवालदार'. शिवकाळात हे जबाबदारीचे पद होते. रोकड ज्याच्या ताब्यात तो 'तहविलदार'. आखातात नोकरी केलेल्या बांधवांनी बँकेच्या खिडकीवर 'तहवील' ही पाटी पाहिली असेल. पैसे पाठविण्याला तेथे आजही तोच शब्द आहे.

आता खुद्द हवाला. शरीयतमध्ये हवाला म्हणजे कर्जाची जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे फिरविणे. समजा, मालेगावच्या एका मागवाल्याकडे सूतवाल्याचे वीस हजार येणे आहे आणि त्याच मागवाल्याचे कापड व्यापाऱ्याकडे वीस हजार येणे आहे. मागवाला सूतवाल्यास म्हणतो, 'माझे पैसे तुम्ही त्यांच्याकडून घ्या.' सूतवाला कबूल झाला की हवाला झाला. हातात रोकड न येता मागवाला कर्जातून मोकळा, आणि व्याजाचा एक पैसाही मध्ये आला नाही. फिरविणारा तो 'मुहील', ज्याचे येणे तो 'मुहताल' आणि ज्याच्यावर फिरविले तो 'मुहाल अलैह'. ऐपत असून देणे लांबविणे हा जुलूम आहे आणि ऐपतदारावर हवाला दिला गेल्यास तो स्वीकारावा, अशी शिकवण हदीसमध्ये आहे.

पण येथे एक मेख आहे. पुढे कापड व्यापारी दिवाळखोर होऊन मरण पावला तर? हनफी मतानुसार सूतवाला परत मागवाल्याकडे येऊ शकतो. शाफई मतानुसार एकदा फिरलेले कर्ज परत फिरत नाही. शिवाय हनफी मतात कापड व्यापाऱ्याची संमती लागते, शाफईंच्या प्रचलित मतात लागत नाही. घाटावरील बांधव बहुतांशी हनफी आणि कोकणातील बहुतांशी शाफई. दोघांत व्यवहार झाला आणि लेखी काही नसले तर भांडणाला उशीर लागणार नाही. म्हणून तिघांच्या सह्यांचा कागद करावा, त्यावर तारीख व रक्कम घालावी आणि पैसे बुडाल्यास जबाबदारी कोणाची, हेही आधीच लिहून ठेवावे.

परदेशातून चोरट्या मार्गाने येणारा पैसा हा वेगळा विषय. १ जून २००० पासून अमलात आलेल्या १९९९ च्या 'फेमा' कायद्याने परकीय चलनाची अशी देवघेव मना आहे आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. नाव तेच आहे म्हणून त्यास शरीयतचा हवाला समजण्याची चूक करू नये.

याच धातूचा आणखी एक शब्द प्रत्येक दुकानदाराने ध्यानात ठेवावा : 'हौल', म्हणजे फिरून आलेले वर्ष. निसाबाइतक्या मालावर एक हौल पुरा झाला की अडीच टक्के जकात लागू होते. हे वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. आमचे पुष्कळ बांधव ३१ मार्चला वह्या बंद करतात आणि त्याच आकड्यावर अडीच टक्के काढतात. त्यात दरसाल सुमारे अकरा दिवस हातातून निसटतात. सूर्याची बत्तीस वर्षे होतात तेव्हा चंद्राची जवळजवळ तेहेतीस झालेली असतात. म्हणजे बापाने दुकान चालवून मुलाच्या हाती दिले, तोवर एक पुरी जकात गरिबांच्या हक्कातून गेली! ज्यांना मार्चचाच हिशेब सोयीचा आहे, त्यांच्यासाठी इस्लामी हिशेबतज्ज्ञांनी २.५७७ टक्के हा दर काढला आहे. लाखामागे सत्याहत्तर रुपये जास्त. नाहीतर हिजरी तारीख धरून त्या दिवशी माल मोजावा.

आणि शेवटी घराण्यातला वाया गेलेला मुलगा : 'हीला', म्हणजे पळवाट. हौल भरत आला की माल बायकोच्या नावे बक्षीस करायचा आणि तारीख उलटली की परत घ्यायचा, ही जुनी युक्ती. हौल आणि हीला एकाच धातूचे. वर्ष फिरते तसे माणसाचे मनही फिरते, हे भाषेने किती आधी ओळखले होते!

हवाल्याची अब्रू गेली ती शब्दाच्या दोषाने नव्हे, त्यात हीला शिरला म्हणून. ती परत मिळविणे सरकारच्या हाती नाही. ते आपल्या वहीच्या पानावर, तिघांच्या सह्यांखाली आहे.