दिवेलागणीला दिसेनासं होतं?

"पोटुशी बाईला संध्याकाळी कमी दिसतंच, बाळंत झाली की आपोआप दिसायला लागतं." वस्त्यांतून फिरताना हे आम्ही सासूबाईंकडून ऐकतो, कधी खुद्द त्या मुलीकडूनही. बाळंतपणानंतर पुष्कळजणींना दिसू लागतं हे खरं. पण हा गरोदरपणाचा नियम नव्हे. हा रातांधळेपणा आहे. शेवटच्या महिन्यांत पोटातल्या बाळाची गरज वाढते, आणि आईच्या अंगातला अ जीवनसत्त्वाचा साठा आधीच तुटपुंजा असेल तर तो पुरत नाही.

अंधुक उजेडात पाहायला डोळ्याच्या आतल्या पडद्यात एक रंगद्रव्य लागतं. ते याच जीवनसत्त्वापासून बनतं. लहान मुलांत कमतरता वाढत गेली तर डोळा कोरडा पडतो, पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे डाग येतात, शेवटी बुबुळावर जखम होऊन नजर कायमची जाते. दृष्ट काढून ती परत येत नाही.

खाण्यात महाग काही नको. शेवग्याचा पाला, माठ, मेथी, पालक, लाल भोपळा, गाजर, पिकला आंबा, अंड्याचा पिवळा बलक. भाजीला थोडं तेल हवंच, कारण तेलाशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. पपईला गरोदरपणी घराघरांत बंदी असते. कच्ची पपई टाळा, पूर्ण पिकलेली खायला हरकत नाही. तेलाच्या पाकिटावर '+एफ' ही खूण असेल तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं.

आता उलट बाजू. अ जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे सहज निघून जात नाही, यकृतात साठतं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गोळ्या-औषधांतून ते जास्त गेलं तर बाळात जन्मतः व्यंग येऊ शकतं. म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने कॅप्सूल आणू नका, माशाच्या यकृताच्या तेलाच्याही नाही. रविवारी मटणासोबत येणारी कलेजी रक्तवाढीसाठी म्हणून सुनेला आग्रहाने वाढली जाते. त्यामागची माया आम्ही जाणतो, पण कलेजीत हे जीवनसत्त्व गरजेच्या कितीतरी पट असतं. या दिवसांत ती टाळलेली बरी. पालेभाजी-भोपळ्याने असा अपाय होत नाही. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी घेणारीने दिवस राहू देऊ नयेत. गोळी बंद केल्यावरही एक महिना थांबावं.

दवाखान्यातल्या लोहाच्या गोळीत अ जीवनसत्त्व नसतं, फक्त लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं. ती घेतेय म्हणून रातांधळेपणा अंगावर काढू नका. आरोग्यसेविकेला किंवा आशाताईंना सांगा. डोस लागला तर तो डॉक्टर ठरवतील.

बाळाला चीक पाजा. तो पिवळा दिसतो म्हणून पिळून टाकणाऱ्या घरांशी आम्ही अजून भांडतो. हे जीवनसत्त्व त्यात भरपूर असतं. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लसीबरोबर पहिला डोस १ लाख युनिटचा, म्हणजे १ मिली. मग दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट, पाच वर्षांपर्यंत एकूण ९ डोस. सरकारी केंद्रात ते फुकट मिळतात. पहिला डोस लसीसोबत होतो, पुढचे राहून जातात. घरातलं माता-बाल संरक्षण कार्ड काढा आणि रकाने मोजा. मुलाला गोवर झाला तर आधी दिलेले डोस धरून न बसता लगेच दवाखान्यात न्या, तेव्हा दोन दिवस लागोपाठ वेगळे डोस द्यावे लागतात.