विश्लेषण : ऑटोक्रॉससाठी कुठल्या शहरात राहावं? अमेरिकेतले हौशी ड्रायव्हर कोणता हिशोब मांडतात?

नोकरी, घरभाडं, मुलांची शाळा… शहर बदलताना बहुतेक जण हेच पाहतात. अमेरिकेतले काही हौशी ड्रायव्हर मात्र आणखी एक गोष्ट तपासतात. घरापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर मोठी, मोकळी आणि सपाट डांबरी किंवा काँक्रीटची जागा आहे का? कारण त्यांचा छंद आहे ऑटोक्रॉस.

ऑटोक्रॉस म्हणजे नेमकं काय?

पार्किंग लॉट किंवा जुन्या धावपट्टीवर प्लास्टिकचे कोन मांडून वळणावळणाचा मार्ग आखला जातो. एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध धावते. फेरी साधारण मिनिटभराची असते आणि कोन पाडला की 2 सेकंदांचा दंड बसतो. वेग सहसा हायवेवरच्या वेगाइतकाच असतो. त्यामुळे रोजच्या वापरातली गाडी आणि हेल्मेट यावर सुरुवात करता येते. 1944 मध्ये स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका अर्थात एससीसीए 'सोलो' या नावाने या स्पर्धा भरवतो.

हवामान किती महत्त्वाचं?

उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांत हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतो. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडात जवळपास वर्षभर गाडी पळवता येते. पण ऊन म्हणजे सगळं काही नाही. राष्ट्रीय स्पर्धा 2009 पासून कडाक्याच्या थंडीच्या नेब्रास्का राज्यात, लिंकन शहरात होते. कारण तिथे जुन्या हवाई तळाचं प्रचंड काँक्रीट आहे. दर सप्टेंबरमध्ये हजाराहून अधिक स्पर्धक तिथे जमतात.

खरी अडचण कुठे आहे?

जागेची. जिथे जमीन महाग, तिथे मोकळं पार्किंग फार काळ मोकळं राहत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातला एल टोरो लष्करी हवाई तळ 1999 मध्ये बंद झाला. त्याच्या धावपट्ट्यांवर ऑटोक्रॉस रंगायचं. नंतर तिथे घरं आणि उद्यान उभं राहिलं. सॅन दिएगोच्या जुन्या स्टेडियमचं पार्किंगही ऑटोक्रॉसचं ठिकाण होतं. ती जमीन 2020 मध्ये विद्यापीठाने विकत घेतली आणि जुनं स्टेडियम पाडलं गेलं. म्हणजे छंदासाठी महागडं शहर निवडावं आणि काही वर्षांत जागाच हातची जावी, असं होऊ शकतं.

मग काय तपासावं?

• अंतर : स्पर्धकांना आपल्या फेऱ्यांशिवाय पडलेले कोन उचलण्याचं कामही करावं लागतं. त्यात अख्खा दिवस जातो. त्यावर येऊन-जाऊन चार तासांचा प्रवास असेल, तर उत्साह टिकत नाही.

• क्लब किती : एकाहून अधिक क्लब आणि जागा असतील, तर एक बंद पडली तरी हंगाम बुडत नाही.

• जमिनीचा मालक : विमानतळ, स्टेडियम की खासगी कंपनी? करार किती वर्षांचा? हे स्थानिक क्लबला विचारावं.

• घर : अनेक अपार्टमेंट आणि सोसायट्यांत पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला किंवा ट्रेलर उभा करायला बंदी असते. टायर बदलायला स्वतःचं गॅरेज लागतं.

• गाडीचे नियम : कॅलिफोर्नियात बहुतेक जुन्या गाड्यांना दर दोन वर्षांनी प्रदूषण चाचणी द्यावी लागते. इंजिनात मनासारखे बदल करणं तिथे अवघड जातं.

थोडक्यात, थंडीत चार-पाच महिने घरी बसावं लागलं तरी चालतं, कारण वसंतात हंगाम पुन्हा सुरू होतो. गेलेली जागा मात्र सहसा परत मिळत नाही.