पावणेचारशे किलोंचा तोल

नाशिकजवळ माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. १९७९ साली त्यांनी बुलेट घेतली आणि पुढे बेचाळीस वर्षे ते तिच्यावरूनच हिंडले. २०२१ साली, साठी उलटून गेल्यावर, त्यांनी लांबच्या प्रवासासाठी एक परदेशी बनावटीची अवजड मोटारसायकल घेतली. वजन पावणेचारशे किलो! हमरस्त्यावरून मामांनी ती अगदी आरामात घरापर्यंत आणली. आणि अंगणात वळवताना, माणसाच्या चालीच्या वेगात, ती आडवी झाली. मामा चटकन बाजूला झाले म्हणून पाय वाचला. गाडी उचलायला आम्ही चौघे लागलो.

जी गाडी हमरस्त्यावर इतकी शहाण्यासारखी वागली, ती अंगणात का पडावी? वेग जास्त तर धोका जास्त, असे आपण ऐकत आलो आहोत. आदळण्याच्या बाबतीत ते खरेच आहे. पण तोलाचे गणित निराळे आहे.

प्रथम उभ्या गाडीचा विचार करू. गाडी सरळ उभी असेल तर तिला हाताने नुसते धरले तरी पुरते. ती कलली की तिचा गुरुत्वमध्य बाजूला सरकतो आणि तिचेच वजन तिला आणखी पाडू लागते. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि हँडल एक मीटर उंच आहे असे धरा. मग तरफेच्या नियमाप्रमाणे हँडलला लावावा लागणारा जोर म्हणजे वजनाची निमपट गुणिले कलण्याच्या कोनाची साइन. वहीत मांडून पाहा. पावणेचारशे किलोंची गाडी ५ अंश कलली तर सुमारे १६ किलोंचा जोर लागतो, १० अंशांना ३३ किलोंचा आणि २० अंशांना ६४ किलोंचा! बुलेटचे वजन सुमारे १७० किलो. ती २० अंश कलली तरी २९ किलोंचा जोर पुरतो. म्हणजे मामांच्या दंडांना बुलेटवर २० अंशांपर्यंत जे जमत होते, ते नव्या गाडीवर १० अंशांच्या आतच संपले. आणि १० अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत फिरतो त्याहूनही कमी.

गाड्या बनविणाऱ्यांना हे ठाऊक असते. होंडा कंपनीची गोल्ड विंग ही अशा प्रवासी गाड्यांपैकी प्रसिद्ध गाडी १९७५ साली विक्रीस आली. तिचे चार सिलिंडर उभे नसून आडवे होते आणि पेट्रोलची टाकी सीटखाली होती. दोन्ही युक्त्या गुरुत्वमध्य खाली आणण्याच्या. १९८८ च्या सहा सिलिंडरांच्या नमुन्यात तर गाडी मागे घेण्याचीही सोय झाली. इंजिन सुरू करणारी विजेची मोटरच त्यासाठी वापरली. पायांनी ढकलण्याजोगे ते वजन राहिलेच नव्हते.

आता चालत्या गाडीकडे वळू. एक लांब काठी तळहातावर उभी धरून पाहा. ती उजवीकडे कलली की तुम्ही हात उजवीकडे नेता. काठीला वर खेचत नाही, तिच्याखाली आधार नेऊन ठेवता. आता पेन्सिल घेऊन तेच करा. जमत नाही ना? पेन्सिल फार लवकर पडते. काठी बांबूची असो की लोखंडाची, लांबी तीच असेल तर पडायला वेळ सारखाच लागतो. पडण्याच्या वेळेतून वजन वजा होऊन जाते.

मोटारसायकलचेही असेच आहे. तळहाताचे काम चाके करतात. गाडी डावीकडे कलू लागली की चालक नकळत हँडल किंचित डावीकडे नेतो आणि चाके गुरुत्वमध्याखाली येतात. जोर रस्त्याच्या घर्षणाचा असतो, दंडांचा नव्हे. परंतु हँडल तेवढेच वळवले तर हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी ३६ किलोमीटरच्या जागी सुमारे ७ किलोमीटर वेग असेल तर तो पंचविसावा हिस्साच उरतो. अंगणात नेमके हेच झाले. त्यातून मामांनी हँडल वळवलेले असतानाच पुढचा ब्रेक दाबला. उरलासुरला आधारही गेला, आणि आतल्या बाजूला कललेली गाडी तशीच खाली गेली. मंद वेगात वळताना इंजिनाचा जोर चालू ठेवावा, क्लच अर्धा धरावा, मागचा ब्रेक हलका लावावा आणि नजर चाकाकडे न ठेवता जायचे तिकडे ठेवावी, हे मामा नंतर शिकले.

वेगात वळण्याची रीत आणखी चमत्कारिक आहे. डावीकडे वळायचे तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे जावे लागते. त्यामुळे गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. विमानाचे जनक राइट बंधू सायकलींचे दुकान चालवीत. त्यांच्यापैकी विल्बरने अनेक सायकलस्वारांना विचारून पाहिले होते, पण आपण नेमके काय करतो हे कोणालाच बरोबर सांगता आले नाही. तुम्हीही सायकलवर रोज हेच करता.

न सांगता येणारी ही विद्या अंगात मुरते, आणि तिथेच पुढची गोष्ट घडली. मामांनी बुलेटही ठेवली होती. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. नव्या गाडीत बरोबर उलट. एका रविवारी मामा बुलेटवरून पिंपळगावच्या बाजाराला निघाले. पुढची ट्रॅक्टरची ट्रॉली एकाएकी थांबली. मामांनी उजवा पाय दाबला. बुलेटचा पहिला गिअर वर उचलून पडतो आणि बाकीचे तीन खाली दाबून. म्हणजे ब्रेक लागण्याऐवजी वरचा गिअर पडला! हाताच्या ब्रेकने गाडी थांबली तेव्हा ट्रॉली वीतभर दूर होती.

ठरलेल्या हालचाली लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेली काही केंद्रे सांभाळतात. विचार करायला लागणारा वेळ त्यामुळे वाचतो, पण संकटाच्या क्षणी आपले मतही विचारले जात नाही. डेस्टिन सँडलिन या अमेरिकन अभियंत्याने २०१५ साली एक प्रयोग लोकांपुढे मांडला. हँडल उलट वळणारी सायकल शिकायला त्याला आठ महिने लागले, आणि त्यानंतर साधी सायकल त्याला लगेच चालवता येईना. मामांच्या पायात तर दोन्ही सवयी एकदम नांदत होत्या.

बुलेट विकायचे मामांनी त्याच आठवड्यात ठरवले. मामी म्हणाल्या, नुसती उभी राहू द्या. पण उभी असली की किल्ली हातात येणारच, हे मामांना माहीत होते. चार-पाच जण पाहायला आले. कोणी किंमत विचारी, कोणी इंजिनाचा ठोका ऐके. मामा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "गिअर कोणत्या पायाने टाकता?" शेवटी निफाडकडचे एक गृहस्थ आले. त्यांनी उत्तर दिले नाही, गाडीवर बसून उजवा पाय लिव्हरखाली घातला. त्यांना आयुष्यात दुसरी गाडी चालवता येत नव्हती. मामांनी पाच हजार रुपये कमी घेतले आणि आर.टी.ओ.चे कागद काढायला आत गेले.