रिंगरोडच्या कडेला घर? आरोग्य सांभाळा!

शहरातील वाहनांची गर्दी कमी व्हावी म्हणून बाहेरून गोल द्रुतगती रस्ता काढतात. पण गर्दी हलली तरी धूर आणि आवाज नाहीसे होत नाहीत. ते रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या वाट्याला येतात. याचे बोलके उदाहरण म्हणजे फ्रान्सची राजधानी पॅरिस.

पॅरिसभोवती पूर्वी तटबंदी होती. ती पाडून मोकळ्या झालेल्या पट्ट्यात १९५८ ते १९७३ या काळात ‘पेरिफेरिक’ हा ३५ किलोमीटरचा रिंगरोड बांधला गेला. त्यावर सिग्नल नाहीत आणि रोजच्या वाहनफेऱ्या सुमारे १० लाख! दोन्ही बाजूंना दाट वस्ती, शाळा आणि क्रीडांगणे आहेत.

धुराचा त्रास

वाहनांच्या धुरातील सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. ते फुफ्फुसात खोलवर जातात. त्यामुळे दमा बळावतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. हा धूर रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असतो आणि दोन-तीनशे मीटर आत गेल्यावर बराच विरतो.

आवाजाची ‘सवय’ होते का?

‘आम्हाला आता आवाजाची सवय झाली आहे,’ असे अनेकजण म्हणतात. पण सवय मनाला होते, शरीराला नाही. झोपेतही आवाजाने नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. वर्षानुवर्षे असे घडल्यास हृदयावर ताण येतो. रात्री वाहतुकीचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या आत असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये केली.

पॅरिसने काय केले?

वेगमर्यादा २०१४ मध्ये ताशी ८० वरून ७० आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ५० किलोमीटर केली. वेगात धावणाऱ्या मोटारीचा आवाज इंजिनापेक्षा टायरचाच जास्त असतो; वेग घटला की तो उतरतो. काही भागांत आवाज अडवणाऱ्या भिंती उभारल्या, कमी आवाजाचे डांबर घातले. एके ठिकाणी तर रस्ता झाकून वर बाग केली.

आपण काय करावे?

• ‘रोड टच’ प्लॉट दुकानाला चांगला. राहण्यासाठी शक्यतो आतली जागा घ्यावी.
• झोपण्याची खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूस ठेवावी.
• गर्दीच्या वेळी रस्त्याकडील खिडक्या लावाव्यात. स्वयंपाक चालू असताना मात्र दुसऱ्या बाजूची खिडकी उघडी हवी.
• सकाळचे फिरणे बायपासवर नको, आतल्या रस्त्याने किंवा मैदानावर असावे.
• दम्याच्या रुग्णांनी औषध मनाने बंद करू नये. चाळिशीनंतर रक्तदाब नियमित तपासावा.

शाळा किंवा दवाखान्यासाठी जागा निवडताना बायपासपासूनचे अंतर आधी पाहावे. घर एकदा बांधले की हलवता येत नाही. अंतर राखायचे ते आधीच.